गवंडीकाम शिकायचंय? वीट, प्लास्टर आणि टाइल कार्यशाळेतून शिकण्याचा क्रम

गवंडीकाम आपल्याकडे बहुतेक जण साइटवर शिकले. आधी बिगारी म्हणून घमेली वाहायची, माल म्हणजे विटा जोडायचा मसाला कालवायचा, मिस्त्रीच्या हाताकडे बघत राहायचं. मग कधीतरी मिस्त्री जेवायला गेला की त्याची थापी उचलून चार विटा लावून बघायच्या. या वाटेनं फार उत्तम कारागीर घडले, आजही घडतात. पण यात वर्षं जातात, आणि जे शिकायला मिळतं ते त्या एका मिस्त्रीला जेवढं येतं तेवढंच. चांगल्या कार्यशाळेत हीच गोष्ट काही महिन्यांत पायरीपायरीनं शिकता येते. मुख्य म्हणजे तिथे बांधलेली भिंत पाडून पुन्हा बांधता येते. साइटवर मालकाच्या भिंतीवर तसं करता येत नाही.

हा लेख पहिल्यांदाच थापी हातात घेणाऱ्यांसाठी आहे. दहावीनंतर धंदा शोधणारा मुलगा असो, वर्षानुवर्षं बिगारकाम करणारी बाई असो, की स्वतःचं घर बांधायला निघालेला माणूस. तिन्ही कामं मी एकाच लेखात घेतली आहेत, कारण ती एकमेकांवर उभी आहेत. भिंत एक इंच झुकली तर तो इंच प्लास्टरवाला मालाने भरतो. जाड प्लास्टर सुटतं किंवा तडकतं. आणि भिंत काटकोनात नसेल तर टाइलवाल्याला कोपऱ्यात तिरक्या पट्ट्या कापाव्या लागतात. आधीच्या कामातली चूक पुढच्याला निस्तरावी लागते. म्हणून शिकताना क्रम मोडू नका: आधी वीट, मग प्लास्टर, मग टाइल. थेट टाइल शिकून लवकर पैसे मिळवू असं वाटणं साहजिक आहे, पण ओळंबा (भिंत उभी आहे का ते बघायचं दोरीला बांधलेलं वजन) आणि पातळी हातात बसल्याशिवाय टाइल नीट बसत नाही.

शिकायचं कुठे

आयटीआयमध्ये ‘मेसन (बिल्डिंग कन्स्ट्रक्टर)’ हा एक वर्षाचा ट्रेड आहे. तो सगळ्या आयटीआयमध्ये नसतो, त्यामुळे प्रवेशाच्या वेळी आपल्या जिल्ह्यात कुठे आहे ते आधी बघावं लागतं. ज्याला पूर्ण पाया हवा, नकाशा वाचायला शिकायचंय आणि पुढे सुपरवायझर व्हायची इच्छा आहे, त्याला मी हाच रस्ता सुचवीन.

पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो 1983 मध्ये सुरू केला. तिथला ग्रामीण तंत्रज्ञानाचा एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम शाळा सुटलेल्या मुलांसाठीच उभा राहिला आहे. त्यात बांधकाम हा एक विभाग असतो, सोबत शेती, वीज, वेल्डिंग वगैरेही शिकवतात. करत करत शिकणं हीच तिथली पद्धत. गावात राहून चार प्रकारची कामं करायची असतील तर पाबळला जरूर जाऊन या.

लार्सन अँड टुब्रोची बांधकाम कौशल्य प्रशिक्षण संस्था पनवेलला आहे. पुण्यात क्रेडाई या बिल्डरांच्या संघटनेचा ‘कुशल’ हा उपक्रम साइटवर काम करणाऱ्यांना तिथेच प्रशिक्षण देतो. ग्रामीण भागात प्रधानमंत्री आवास योजनेखाली 45 दिवसांचं ग्रामीण गवंडी प्रशिक्षण आहे. त्यात शिकणारे खऱ्या लाभार्थ्याचं खरं घरकुल बांधतात. ग्रामपंचायतीत किंवा पंचायत समितीत घरकुलाचं काम बघणाऱ्या अभियंत्याकडे याची चौकशी करायची. ज्यांना मातीच्या, दाबलेल्या विटांच्या किंवा कमी खर्चाच्या बांधकामात रस आहे त्यांच्यासाठी ऑरोव्हिलची अर्थ इन्स्टिट्यूट आहे, पण तिकडे जाण्याआधी साधी वीट लावता आलेली बरी.

पीएम विश्वकर्मा योजनेबद्दल बरेच गैरसमज दिसतात. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या या योजनेतल्या 18 व्यवसायांत राजमिस्त्री आहे. त्यात 5 ते 7 दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात रोज 500 रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचं व्हाउचर मिळतं. पण ती आधीपासून हे काम करणाऱ्यांसाठी आहे. कोऱ्या हातानं पाच दिवसांत गवंडी होता येत नाही, कुणीही तसं सांगितलं तरी.

फी भरण्याआधी काय बघायचं

कार्यशाळा चालू असताना एकदा आत जाऊन या. फोनवर कळत नाही. आत गेल्यावर पहिली गोष्ट बघा: मुलं बसलेली आहेत की उभी? दिवसातला बहुतेक वेळ हात मालात असायला हवा. दुसरी गोष्ट म्हणजे जुन्या विटांचा ढीग. ज्या विटांवर आधीच्या मालाचे पांढुरके डाग आहेत अशा विटा खूप दिसल्या तर समजा, इथे भिंती बांधतात, तपासतात, पाडतात आणि पुन्हा बांधतात. त्यासाठी सरावाच्या मालात सिमेंट घालत नाहीत. चुना-वाळू किंवा माती-वाळूचा माल वापरतात, म्हणजे विटा सुट्या करून साफ करता येतात. खर्च वाचतो आणि पाडायची भीती राहत नाही. माझ्या मते चांगल्या कार्यशाळेची हीच सगळ्यात खात्रीची खूण.

मग विचारा: एका शिक्षकामागे किती मुलं? प्रत्येकाला स्वतंत्र थापी, ओळंबा, पाणसळ म्हणजे लेव्हल मिळते का? शिकवणारा स्वतः साइटवर काम केलेला मिस्त्री आहे का? शेवटी खऱ्या साइटवर किती दिवस नेतात? प्रमाणपत्र कुणाचं? बांधकाम क्षेत्राच्या कौशल्य परिषदेच्या अभ्यासक्रमांत सहायक गवंडी, सर्वसाधारण गवंडी आणि टाइल गवंडी अशा वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. तुम्हाला कुठल्या पायरीचं मिळणार ते लेखी घ्या.

मुलींनी आणि बायकांनीही हे सगळं विचारावं. साइटवर बायका पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पण घमेलं डोक्यावर, थापी पुरुषाच्या हातात, आणि मजुरीतला फरक त्यातूनच येतो. स्वच्छ भारत मोहिमेत झारखंडमध्ये बायकांनी प्रशिक्षण घेऊन शौचालयं बांधली, तिथे त्यांना ‘रानी मिस्त्री’ म्हणू लागले. विटेचं वजन साधारण तीन किलो असतं. डोक्यावर विटांची चवड घेऊन जिना चढणाऱ्या बाईला ती लावणं जड जाईल असं म्हणण्यात काही अर्थ नाही.

स्वतःची अवजारं

कार्यशाळेत अवजारं मिळत असली तरी थापी स्वतःची घ्या. हाताला सवय होते ती एका थापीची. मूठ लाकडी, पातं थोडं लवचीक, वजन मनगटाला झेपेल इतकं. तिच्यासोबत ओळंबा, पाणसळ, नायलॉनची दोरी, पाच मीटरचा टेप, काटकोन बघायला गुण्या, विटा तोडायला बसोला, प्लास्टर घासायला लाकडी रंधा आणि गुळगुळीत करायला लोखंडी गुरमाळा. पाटा, म्हणजे ॲल्युमिनियमची सहा फुटी सरळ पट्टी, सुरुवातीला कार्यशाळेची चालेल. दूरच्या दोन जागांची पातळी जुळवायला पाण्याची पारदर्शक नळी दहा-पंधरा मीटर घ्या. लेझर आलं तरी नळी खोटं बोलत नाही. फक्त आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये.

हातमोजे, बूट, हेल्मेट, चष्मा यावर काटकसर नको. ओलं सिमेंट अतिशय क्षारयुक्त असतं. पहिल्या दिवशी काही वाटत नाही, आठवड्यात बोटांच्या पेरांना भेगा पडतात आणि मग थापी धरवत नाही. गुडघे टेकून काम करताना ओला माल पँटमधून कातडीला लागत राहिला तर चक्क भाजतं.

पहिला आठवडा: माल आणि मापं

घाई असलेल्यांना हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण शिक्षक तो गाळत असेल तर तक्रार करा.

आधी विटेची ओळख. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज आला पाहिजे. नखानं ओरखडा उठता कामा नये. साधारण मीटरभर उंचीवरून पडली तरी पक्की वीट सहसा फुटत नाही. पाणी किती पिते तेही बघायचं: कोरडी वीट वजन करून 24 तास बुडवायची आणि पुन्हा वजन करायचं. वाढ 20 टक्क्यांच्या आत हवी.

मग वाळू. नदीची वाळू आता दुर्मिळ आणि महाग, त्यामुळे बहुतेक ठिकाणी क्रश सँड, म्हणजे दगड दळून केलेली वाळूच हाती येते. काचेच्या बरणीत वाळू घ्या, मीठ घातलेलं पाणी ओता, जोरात हलवा आणि तीन तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या 8 टक्क्यांहून जास्त असेल तर ती वाळू धुवावी लागेल. दुसरी गोष्ट, ओलसर वाळू फुगते. 20-30 टक्क्यांपर्यंत फुगवटा सहज येतो. तेवढीच घमेली मोजली तर प्रत्यक्षात वाळू कमी पडते आणि प्रमाण बिघडतं.

सिमेंटची 50 किलोची गोणी म्हणजे सुमारे 35 लिटर. म्हणून 40 × 35 × 25 सेंटिमीटरचा फर्मा केला की एक फर्मा वाळू म्हणजे एका गोणीएवढी वाळू. 1:6 चा माल म्हणजे एक गोणी, सहा फर्मे. नऊ इंची भिंतीला 1:6 चालतो, चार इंची भिंतीला 1:4 घ्यावा. आधी कोरडं मिश्रण, रंग सगळीकडे एकसारखा होईपर्यंत, मग पाणी. पाणी घातलेला सिमेंटचा माल दोन तासांच्या आत संपवायचा. घट्ट झाला म्हणून वरून पुन्हा पाणी ओतायचं नाही. आपल्याकडे ही सवय सगळीकडे आहे आणि तितकीच ती वाईट आहे.

साइटची भाषाही याच आठवड्यात शिकून घ्या. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, जवळपास तीन मिलिमीटर. मिस्त्री ‘दोन सूत आत घे’ म्हणाला की टेप काढायची गरज पडू नये. ब्रास वाळू म्हणजे 100 घनफूट, पण प्लास्टरच्या मजुरीत ब्रास म्हणजे 100 चौरस फूट. पहिला ठेका घेताना हा फरक माहीत नसेल तर हिशोब पार चुकतो.

वीटकाम

सरावाची पहिली भिंत चार फूट लांब, तीन-साडेतीन फूट उंच आणि चार इंची असावी. आपल्याकडच्या नऊ-चार-तीन इंची विटेच्या हिशोबानं चौरस मीटरला 50 च्या आसपास विटा लागतात, म्हणजे या भिंतीला साठेक विटा पुरतात.

विटा आधी पाण्यात बुडवून घ्यायच्या, बुडबुडे थांबेपर्यंत. कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते आणि माल पकड घेण्याआधीच वाळतो. पण टाकीतून काढून लगेच ठिबकती वीटही लावू नका, ती मालावर घसरते. एएसी ब्लॉक (सिमेंटचे हलके, सच्छिद्र ठोकळे) असतील तर भिजवायचेच नाहीत, पृष्ठभाग ओला करून पुरतो, आणि त्यांचा जोडमाल वेगळा, पातळ थराचा असतो.

पहिला थर मालाशिवाय मांडून बघा. दोन विटांमध्ये सांधा म्हणून बोटाएवढी, 10 मिलिमीटरची फट. शेवटी अर्धी वीट लागते की पाऊण, ते इथेच कळतं. काटकोन 3-4-5 नं काढायचा: एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार, तिरकं माप बरोबर पाच आलं पाहिजे.

आता दोन्ही टोकांचे कोपरे चढवायचे. हेच खरं शिक्षण. मधली भिंत दोरीच्या आधारानं कुणीही भरतो, कोपरा उभा करतो तो गवंडी. चार-पाच थर पायऱ्यांसारखे उतरते चढवायचे आणि प्रत्येक थराला ओळंबा लावायचा. ओळंब्याचा ठोकळा वर भिंतीला टेकवा, वजन खाली सोडा, हलायचं थांबू द्या. ठोकळा आणि वजन एकाच मापाचे असतात, त्यामुळे वजन भिंतीला अगदी निसटतं लागून राहिलं तर भिंत उभी. वजन आणि भिंत यांच्यात फट दिसली तर वरचा भाग बाहेर झुकलाय. वजन भिंतीवर रेलून बसलं, दोरी तिरकी झाली, तर वरचा भाग आत गेलाय. शिकाऊ मुलं फट शोधतात आणि वजन रेललंय हे त्यांच्या लक्षात येत नाही. भिंत आत जात राहते आणि ओळंबा लागतोय म्हणून ती निर्धास्त असतात. शिक्षकानं बाजूला उभं राहून हे दोन-तीनदा दाखवावं लागतं. नाही दाखवलं तर तुम्ही विचारा.

कोपरे झाले की दोरी ताणायची. वीट दोरीला चिकटवायची नाही, केसभर जागा ठेवायची. एक वीट दोरीला लागली की दोरी ढकलली जाते आणि पुढच्या सगळ्या विटा त्या ढकललेल्या दोरीच्या मागे जातात. माल पसरताना एका वेळी तीन-चार विटांपुरताच पसरा. विटेच्या उभ्या बाजूला माल आधी लावून घ्या. वीट लावून झाल्यावर वरून फटीत माल कोंबला तर तो आतपर्यंत पोचत नाही, आणि पावसाळ्यात ओल तिथूनच येते. विटेतला खळगा वरच्या अंगाला ठेवा. वीट बसवताना थोडी दाबून सरकवा, थापीच्या मुठीनं एक टोला, बाहेर आलेला माल कापून घ्या. बसलेली वीट पुन्हा हलवायची नाही. चुकली असेल तर पूर्ण काढा, जुना माल खरवडा आणि नव्या मालात लावा.

सांधेमोड सांभाळा: वरच्या थरातला उभा सांधा खालच्या सांध्यावर कधीच येऊ नये. नऊ इंची भिंत आली की थर आलटून पालटून लावायचे, एक थर लांबीच्या बाजूनं आणि एक तोंडाच्या बाजूनं, कोपऱ्याजवळ लांबीत निम्मी कापलेली वीट घालून. हे कागदावर काढून घेतल्याशिवाय डोक्यात बसत नाही, वही ठेवाच. जमलं तर उंदीर-सापळा जोडही शिकून घ्या. वास्तुकार लॉरी बेकर यांनी केरळात तो खूप वापरला. विटा आडव्या कडेवर उभ्या करून आत पोकळी ठेवतात, विटा सुमारे पाव हिश्शानं वाचतात आणि घर आतून थंड राहतं. महाराष्ट्रात फार कमी गवंड्यांना तो येतो.

एका दिवसात भिंत दीड मीटरहून उंच नेऊ नका. खालचा माल ओला असताना वरचं वजन पडलं की थर दबतात. चार इंची भिंतीत साधारण दर मीटरला सळया घालून काँक्रीटचा पट्टा लागतो. नंतर निदान सात दिवस पाणी मारायचं.

रोज संध्याकाळी भिंत मोजा: ओळंबा, पातळी, सरळपणा, सांध्यांची जाडी. आकडे वहीत तारखेसह लिहा. वेग आपोआप येतो. दोन सुतांची चूक एका सुतावर आली की पुढे सरका. चांगले मिस्त्री दिवसाला किती विटा लावतात हा आकडा सुरुवातीला मनात आणू नका.

प्लास्टर

प्लास्टरची तयारी माल मारण्याआधीच होते. वीटकाम ओलं असतानाच सांधे 10 मिलिमीटर खोल खरवडून ठेवायचे. काँक्रीटच्या कॉलम-बीमला टोचे मारायचे, नाहीतर गुळगुळीत काँक्रीटवर माल धरत नाही. वीट आणि काँक्रीट जिथे भेटतात तिथे जाळी ठोकायची. दोन्ही वेगळ्या प्रमाणात तापतात, आकसतात आणि बरोबर त्या रेषेवर भेग येते. विजेच्या पाइपांचे गाळे आधी भरून घ्यायचे. शेवटी भिंत झाडून पाणी मारायचं. भिंत ओलसर असावी, पाणी ओघळत नसावं.

मग ठिय्ये, म्हणजे जाडीच्या खुणा. कार्यशाळेत यावर एक पूर्ण दिवस घालवला तरी वाया नाही. भिंतीच्या वरच्या दोन कोपऱ्यांत मालाचे छोटे चौकोन लावायचे, त्यात टाइलचा तुकडा बसवायचा, ओळंब्यानं खालचे दोन ठिय्ये त्याच रेषेत आणायचे. मग दोरी ताणून मधले. दोरी भिंतीच्या एखाद्या फुगवट्याला जिथे सगळ्यात जवळ येते तिथे किती जाडी उरते ते बघायचं, त्यावरून सगळे ठिय्ये ठरतात. आतल्या भिंतीला 12 मिलिमीटर जाडी पुरते, छताला 6. एखाद्या ठिकाणी 25-30 निघत असेल तर एका दमात भरू नका, दोन थरांत करा. बाहेरून प्लास्टर दोन थरांचंच, मिळून 20 मिलिमीटरच्या आसपास, पहिला थर ओला असताना त्यावर ओरखडे ओढून.

छत आधी, भिंती नंतर. भिंतीवर ठिय्ये जोडणाऱ्या उभ्या पट्ट्या भरून घ्या, त्या थोड्या धरल्या की मधला भाग भरा. माल थापीनं फेकायचा. चोपडायचा नाही. फेकल्यानं माल सांध्यात घुसतो आणि हवा निघून जाते. पहिले दोन दिवस निम्मा माल खाली पडतो, खाली पत्रा किंवा प्लास्टिक अंथरून ठेवा आणि पडलेला स्वच्छ माल लगेच वापरा. फेकण्यात जोर खांद्याचा नसून मनगटाचा असतो: थापी भिंतीपासून हातभर अंतरावर आणि शेवटी मनगट झटकन वळतं.

मग पाटा पट्ट्यांवर टेकवून खालून वर, डावी-उजवीकडे करवतीसारखा हलवत ओढायचा. खड्डे दिसतील तिथे माल भरून पुन्हा ओढा. आता थांबा. किती थांबायचं ते ऊन, वारा आणि भिंत ठरवते. अंगठा दाबून बघा: ठसा उमटतो पण माल बोटाला चिकटत नाही, तेव्हा लाकडी रंधा गोल फिरवायचा. लवकर फिरवला तर माल ओढला जातो, उशिरा फिरवला तर पाणी शिंपडत बसावं लागतं. हा क्षण ओळखणं हीच प्लास्टरवाल्याची खरी कमाई आहे, आणि ती वेगवेगळ्या हवामानात काम करूनच येते. नीरू (चुन्याचा पातळ थर) किंवा गुळगुळीत हात करायचा असेल तर त्यानंतर गुरमाळा.

ओल्या प्लास्टरवर पाणी सुकवायला कोरडं सिमेंट मारताना कुणी दिसलं तर त्याचं अनुकरण करू नका. वरची साय जास्त सिमेंटची होते, जास्त आकसते आणि महिन्याभरात जाळीसारख्या बारीक भेगा येतात.

सामानाचा अंदाज: 10 चौरस मीटर, 12 मिलिमीटर, 1:5 चा माल, साधारण एक गोणी. भिंत वेडीवाकडी असेल तर हा हिशोब कोलमडतो आणि वीटकामात तुम्ही काय केलंत ते इथे गोण्यांत मोजलं जातं. पाणी मारणं दुसऱ्या दिवसापासून, किमान सात दिवस.

टाइल

टाइल अवघड वाटते पण पहिले दोन टप्पे मन लावून केले असतील तर ती लवकर येते. यात डोकं आखणीला लागतं. खोलीचे मध्य काढून दोन दोऱ्या काटकोनात ताणा, टाइल कोरड्या मांडून बघा. कडेला दोन-तीन इंचांची पट्टी उरत असेल तर अर्ध्या टाइलनं सरकवा, म्हणजे दोन्ही कडांना मोठे तुकडे येतील. दारातून आत येताना पूर्ण टाइल दिसावी, कापलेले तुकडे कपाटामागे किंवा दाराच्या आडबाजूला जावेत.

बाथरूमचा नियम वेगळा. आधी वॉटरप्रूफिंग, मग 24 ते 48 तास पाणी भरून ठेवून खालच्या मजल्यावर ओल येते का ते बघणं, मगच टाइल. ढाळ पाणी जायच्या जाळीकडे, मीटरला एक सेंटिमीटरच्या आसपास. कार्यशाळेत ढाळाची जमीन करून घेत नसतील तर आग्रह धरा. सपाट हॉलमध्ये टाइल लावणारे पुष्कळ आहेत, नहाणीत पाणी साचू न देणारे कमी.

साधी सिरॅमिक टाइल पाणी पिते, म्हणून ती भिजवून सिमेंटच्या मालावर लावतात. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, त्यामुळे सिमेंटच्या घोळाला तिची पाठ धरत नाही. तिला टाइल ॲढेसिव्ह वापरा, आयएस 15477 चा शिक्का बघून. दातेरी पट्टीनं एकाच दिशेनं रेघा ओढायच्या. मोठ्या टाइलला पाठीवरही पातळ थर द्यायचा. सुरुवातीला दर चार-पाच टाइलनंतर एक उचलून पाठ बघा: कोपऱ्यांपर्यंत ॲढेसिव्ह पोचलेलं दिसलं पाहिजे. मध्ये पाच गोळे टाकून टाइल दाबायची पद्धत सर्रास दिसते. त्यात कोपरे पोकळ राहतात आणि त्यावर कपाटाचा पाय आला की टाइल फुटते. दुसऱ्या दिवशी नाण्यानं टकटक करून प्रत्येक टाइल ऐका. बद्द आवाज आला की ती काढायची.

टाइलमध्ये फट राखणारे स्पेसर घाला, 2-3 मिलिमीटरचे. सांधा न ठेवता टाइल भिडवायचा हट्ट बरेच घरमालक धरतात, त्यांना समजावून सांगायला शिका: टाइल तापल्यावर पसरते आणि जागा नसेल तर मे महिन्यात दोन टाइल तंबूसारख्या वर उचलल्या जातात. सांधे भरायचं ग्राउट निदान 24 तासांनी.

कटर पाण्याचाच वापरा. टाइल कोरडी कापताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि पुन्हा बाहेर येत नाही. सिलिकोसिसवर औषध नाही. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, धुळीचा खरा मास्क लागतो. पाणी आणि वीज एकत्र असल्यानं कटरच्या लाइनवर आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आहे का तेही बघा.

कार्यशाळा संपल्यावर

प्रमाणपत्र हातात आलं की लगेच स्वतंत्र काम घेऊ नका. सहा महिने तरी एखाद्या चांगल्या मिस्त्रीच्या हाताखाली काढा. मजुरी बिगाऱ्यापेक्षा जास्त आणि मिस्त्रीपेक्षा कमी मिळेल, ती पहिल्या दिवशीच बोलून ठरवा. वही चालू ठेवा: कुठलं काम, किती ब्रास, किती गोण्या, किती दिवस. दर सांगायची वेळ आली की हीच वही कामी येते.

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा. वय 18 ते 60 आणि मागच्या 12 महिन्यांत बांधकामावर 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार किंवा ग्रामसेवकाकडून तो वेळेवर घेऊन ठेवा, काम संपून ठेकेदार दुसऱ्या गावी गेल्यावर सही मिळवणं कठीण जातं. नोंदणी झाली की मुलांच्या शिष्यवृत्तीपासून अपघाताच्या मदतीपर्यंत योजना लागू होतात. अर्ज भरून देतो म्हणून पैसे मागणारे नाक्यावर भेटतात. त्यांना पैसे देऊ नका, थेट मंडळाच्या केंद्रात जा.

पहिलं स्वतःचं काम लहान घ्या: कुंपणाची भिंत, तुळशीवृंदावन, स्वयंपाकघरातला ओटा, एखादं न्हाणीघर. सामान मालकानं आणायचं आणि आपण फक्त मजुरी घ्यायची, असंच ठरवा. सामानासकट ठेका घेण्याइतका अंदाज पक्का व्हायला आणखी काही कामं जावी लागतात. पैसे तीन टप्प्यांत मागा, सुरुवातीला, अर्ध्यावर आणि संपल्यावर, आणि ठरलेलं मोबाइलवर का होईना लिहून पाठवा.